दारं कोण धरतंय

हरण्या खोंडाचा सौदा झाला, आणि ज्याचा हरण्या होता त्या बिरुदेव लवट्यालाच तो झालेला कळला नाही.

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार. आता तिथं प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला असतो. फोन समोर धरला की वय, लस, आई-बाप सगळं पडद्यावर येतं. पण शर्यतीचा खिलार खोंड असला की ही सगळी मिजास बाजूला राहते. तिथं अजून टॉवेलच लागतो. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि त्याच्याखाली बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक लाख, अख्खा पंजा धरला तर पाच. तोंडानं नुसतं "जरा वर या की" आणि "आवो, जनावराकडं बघा". भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. पटलं की घेणारा टॉवेल ओढतो आणि "झालं" म्हणतो. टॉवेल ओढला की मग देव आला तरी सौदा मोडत नाही. ज्यानं मोडला, त्याच्या टॉवेलाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

बिरुदेव हेडी होता. जनावरांचे सौदे जुळवायचे आणि त्यावरच घर चालवायचं. बाप हेडी, आजा हेडी. त्या दिवशी मात्र तो दुसऱ्याचं जनावर नव्हे, स्वतःच्या गोठ्यात वाढवलेला खोंड विकायला उभा होता. वाळव्याकडचा एक गिऱ्हाईक समोर होता. त्यानं सहा धरले. बिरुदेवनं नऊ धरले, आधी पंजा आणि मग चार बोटं. गिऱ्हाईक पुन्हा सहावर आला. बिरुदेवनं पुन्हा पंजा धरला, आणि चार बोटं धरायला गेला तेवढ्यात काहीतरी निसटल्यासारखं झालं. डोळ्याची पापणी लवावी एवढाच वेळ. पुन्हा पकड घेतली तेव्हा गिऱ्हाइकानं टॉवेल ओढलेलाही होता.

"झालं," तो म्हणाला, आणि बिरुदेवच्या कानाशी येऊन पुटपुटला, "सात. रामराम."

बिरुदेवनं तोंड उघडलं. तोच त्याचा धाकटा भाऊ समाधान मागून आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "झालं अण्णा. सोड आता."

तो सोडून आला. पण परतीच्या वाटेवर, गाडीत हरण्याचं रिकामं दावं पायाशी पडलेलं असताना, त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. समाधान टॉवेलाखाली नव्हता. सात झाले की नऊ हे त्याला कळायचं कारण नव्हतं. मग भाऊ लुटला जातोय की कमावतोय हे न विचारताच हा गडी "सोड" कसा म्हणाला?

आता हे सगळं जिथून सुरू झालं ते सांगायला हवं, नाहीतर बिरुदेव उगाच भावावर जळतोय असं वाटेल.

गेल्या सुगीत ज्वारी काढताना बिरुदेवला रक्ताची उलटी झाली. दोन-तीन थेंब नव्हेत, ओंजळी भरून. त्याची बायको शालन पलीकडच्या सरीत होती. तिनं धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर तोंडाशी धरला. पदर भिजला, मग लुगडं भिजलं, मग माती. मिरजेला नेईपर्यंत तो अर्धा गेल्यात जमा होता. निदान झालं लिव्हर सिरॉसिसचं. झालं, वाडीला विषय मिळाला. बिऱ्या चोरून पीत असणार, असं जो तो म्हणू लागला. या माणसानं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. साखरेचा आजार आणि यकृतात साठलेली चरबी, एवढंच कारण होतं. बिरोबाच्या पायरीवर हात ठेवून तो ते सांगायचा, लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. संशयाची चव त्यानं अशी आधी दुसऱ्यांकडून चाखली होती.

मिरजेच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. तुमच्याकडं कॅनॉलचं पाणी आलंय ना, त्या म्हणाल्या. आतड्यांतलं सगळं रक्त असंच एका मोठ्या पाटानं यकृतात येतं. यकृत म्हणजे रान. ते रक्तातला गाळ जिरवतं आणि स्वच्छ रक्त पुढं हृदयाकडं सोडतं. तुमच्या रानाचा दगड झालाय. पाणी जिरत नाही, म्हणून पाट तुंबतो आणि बांध जिथं कच्चा असेल तिथं फुटतो. तुमचा अन्ननलिकेत फुटला. यावर उपाय म्हणजे यकृतातूनच एक नळी घालायची आणि तुंबलेलं रक्त सरळ पुढच्या शिरेत सोडायचं. दाब उतरतो, रक्तस्राव थांबतो.

पण यात एक मेख होती, आणि ती मॅडमनी लपवली नाही. नळीतून जाणारं रक्त गाळलेलं नसतं. आतड्यांतली घाण, त्यातही अमोनिया, थेट मेंदूत जातो. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलता बोलता हरवतो, हात फडफडतात, आणि फार वाढलं तर शुद्धच जाते. पूर्वी डॉक्टर नळीचा घेर एकदाच ठरवायचे आणि पुढचं नशिबावर सोडायचे. घेर मोठा ठेवला तर डोकं जायचं, लहान ठेवला तर रक्त फुटायचं. आता नव्या नळीत धातूची एक बारीक झडप असते. काखेखाली कातडीत तांदळाच्या दाण्याएवढा मणी बसवतात. तो दाब आणि अमोनिया दोन्ही मोजत राहतो. दाब चढला की झडप उघडते, अमोनिया चढला की मिटते. सगळं आपोआप.

हे ऐकून बिरुदेव खूश झाला होता. रानात खोरं घेऊन वाफ्याला पाणी सोडायचं, बंद करायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. पोटात बसून कुणी चोवीस तास दारं धरणार असेल तर आणखी काय पाहिजे?

तर, चोवीस तास नाही. कधी कधी दाब आणि अमोनिया दोन्ही एकदम चढतात. उघडावं तर डोकं जातं, मिटावं तर रक्त फुटण्याची भीती. जीव मोठा की शुद्ध मोठी, हे यंत्राला ठरवता येत नाही आणि कायद्यानं त्याला ठरवूही देत नाहीत. ते माणसाला विचारतं. आणि रोग्याला विचारून उपयोग नसतो, कारण गढूळ होतंय ते त्याचंच डोकं. म्हणून घरातल्या एकाचं नाव द्यायचं. त्याच्याकडं चुन्याच्या डबीएवढं यंत्र राहतं. ते वाजलं की दोनातलं एक बटण दाबायचं, उघड किंवा झाक.

बिरुदेवनं समाधानचं नाव दिलं. बायकोचं नाव घालावं असं त्याच्या मनातही आलं नाही. बाजारात बायको नसते, टॉवेलाखाली बायकोचा हात नसतो. मोठ्या गोष्टी भावाभावांत ठरतात, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग हळूहळू काहीतरी बिघडलं. दिवसा जेवताना ताटावर डोळे मिटायचे. शेजारणीला त्यानं तिसऱ्याच बाईच्या नावानं हाक मारली. एकदा तो पाटात गुडघाभर पाण्यात हातात रिकामी बादली घेऊन उभा होता आणि आपण तिथं कशाला आलो हे त्याला आठवेना. शालन त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. ती काही बोलली नाही. तेही त्याला खटकलं, कारण ही बाई न बोलणाऱ्यांतली नव्हती.

हरण्या गेला तेव्हापासून तर तो डोळ्यांत तेल घालून घर बघायला लागला. तो गोठ्यातून आत आला की शालन आणि समाधान बोलता बोलता गप्प व्हायचे. समाधान हल्ली बाजारात त्याच्या जागेवर उभा राहायचा, अण्णाची तब्येत बरी नाही असं म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्या दिवशी त्याचं समाधानशी वाजायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं धुक्यात जायचं. एकदा वाटणीवरून झालं, एकदा जनावरांच्या चाऱ्यावरून, एकदा काहीच नसताना. दर खेपेला तेच. भांडायचं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच कुत्र्याचं नाव विसरायचं. हेड्याच्या डोक्याला दोन आणि दोन चार करायला शिकवावं लागत नाही. मी आडवा आलो की हा दारं उघडतो, असा त्यानं हिशेब मांडला. मला येडा करून बाजारातली माझी जागा घेतोय. कुठंतरी पाणी मुरतंय.

ज्या सकाळी डोकं जरा साफ होतं, त्या सकाळी कुणाला न सांगता त्यानं मिरजेची बॅटरीवरची एसटी धरली.

मुजावर मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला दोन्ही हात पुढं करून पंजे मागं वळवायला लावले, गाडी थांबवणारा पोलीस धरतो तसे. बिरुदेवनं धरले. त्याच्या डोळ्यांदेखत पंजे खाली पडले आणि झटक्यात वर आले, पुन्हा पडले, पुन्हा वर आले. आपण हे करत नाही आहोत हे त्याला कळत होतं. मॅडम म्हणाल्या की अमोनिया वाढला की स्नायूंचा ताण असा क्षणभर सुटतो. पकडही सुटते. माणसाला वाटतं आपण घट्ट धरलंय.

बिरुदेव सुन्न झाला. टॉवेलाखाली काय निसटलं ते त्याला आत्ता कळलं. गिऱ्हाईक खोटा नव्हता. त्याच्याच हातानं नऊ धरता धरता सोडले होते आणि सातावर पुन्हा मूठ आवळली होती. तीन पिढ्यांचा हेडी, आणि हातच खोटं बोलला. त्याला रडू आलं, आणि मॅडमसमोर ते त्यानं लपवलं नाही.

पण राग तिथं विझला नाही, उलट पेटला. हात असा केला कुणी? यंत्रानं विचारल्यावर उत्तर काय जातंय, एवढं सांगा, तो म्हणाला. मॅडमनी पडद्यावर बघितलं आणि जरा थांबून सांगितलं की दरवेळी "उघड" असंच उत्तर आलंय. एकदाही "झाक" नाही. दरवेळी उघडल्यानं डोकं जातं, हे त्यांनी घरच्यांना फोनवरून समजावूनही सांगितलं होतं. आणि भांडण झालं की रागानं दाब चढतो, त्यामुळं यंत्र विचारणारच, त्यात कुणाचा डाव असेलच असं नाही, असंही त्यांनी बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बिरुदेव, एक सांगते. घरच्या माणसांवर संशय येणं, हेही या त्रासाचं लक्षण असू शकतं."

"म्हंजे मॅडम, मी म्हणतोय ते खरं निघालं, तरी त्याला तुमी आजारच म्हननार."

डबीवरचं नाव बदलता येईल, मॅडम म्हणाल्या, पण घरच्यांना घेऊन या, रोगी आणि डबीवाला दोघं समोर असले तरच ते होतं. त्यांनी गोड पातळ औषध वेळेवर घ्यायला सांगितलं, पोट साफ ठेवायला सांगितलं, मीठ तोडायला सांगितलं, आणि त्याला वाटेला लावलं.

एसटीत खिडकीशी बसून तो विचार करत होता, आणि विचार ज्या डोक्यानं करायचा ते डोकंच त्याला गहाण पडल्यासारखं वाटत होतं. भाऊ खोटा की माझं डोकं खोटं? हे विचारायचं कुणाला? जनावर विकत घेताना मालक जनावराविषयी काय सांगतो हे हेडी ऐकत नाही. तो जनावराला चालवतो, दचकवतो, पाय उचलून बघतो. बिरुदेवनं तेच करायचं ठरवलं. डबी वाजवायची, म्हणजे दाब आणि अमोनिया दोन्ही एकदम चढवायचे, आणि ती वाजताना समाधानचं तोंड बघायचं.

हे किती धोक्याचं आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं केलं. गोड औषध वाटीतून मोरीत ओतलं, दोन दिवस. मीठ तोडायच्या ऐवजी बरणीतलं आंब्याचं लोणचं चोरून खाल्लं, वर खारवलेले बोंबील. शालन पाट्यावर चटणी वाटत असताना हा माणूस मागच्या बाजूला उभा राहून पोरासारखा बोटं चाटत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट टम्म झालं, कान जड झाले, शब्द हाताशी येईनासे झाले. वेळ आली, एवढं त्याला कळत होतं.

त्यानं समाधानला हाक मारली. कडुलिंबाखाली दोघं बसले. कासरा तुटलाय, जोडून दे, असं निमित्त केलं. समाधान मान खाली घालून कासरा वळत होता. बिरुदेव त्याच्या बंडीच्या खिशाकडं बघत होता. खिसा सपाट होता.

डबी वाजली. पण खिशात नाही. घरात.

समाधानचे हात थांबले. त्यानं मान वर केली नाही, आणि त्या न बघण्यातच बिरुदेवला सगळं कळलं. तो उठला. तोल सावरत, भिंतीला धरून आत गेला. स्वयंपाकघरात शालन चुलीपाशी उभी होती. एका हाताला पीठ लागलेलं. ज्वारीच्या डब्यातून काढलेली डबी दुसऱ्या हातात होती आणि अंगठा बटणावर.

नवऱ्याला दारात बघून ती दचकली, पण अंगठा हलला नाही.

"झाक," बिरुदेव म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी शब्द नीट आला. "शालन, झाक म्हनतोय मी."

"लोणच्याची बरणी निम्मी झालीया," ती म्हणाली. "मला काय वासबी येत न्हाई वाटलं व्हय?"

"माझं डोकं हाय ते. माझं."

"रगात तुमी ओकलं. बघितलं मी." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तुमाला त्यातलं काय आठवत न्हाई. मला रोज आठवतंय. मला येडा चालंल. मेलेला न्हाई चालायचा."

आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिनं "उघड" दाबलं.

समाधान दारात येऊन उभा होता. बिरुदेव भिंतीला टेकून खाली बसला तेव्हा भाऊ त्याच्याशेजारी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पहिल्यांदा डबी वाजली तेव्हा त्याचं धाडस झालं नव्हतं. हातात डबी घेऊन तो वैनीकडं पळाला होता, आणि तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली होती. तेव्हापासून ती तिच्याकडंच. अण्णाला कळलं तर वैनीशी वैर धरेल, त्यापेक्षा माझ्यावर येऊ दे, असं त्यानंच म्हटलं होतं. भावाशी भांडून माणूस जगतो. आणि हरण्याच्या दिवशी टॉवेल हलताना त्यानं बघितलं होतं. अण्णाचं मनगट पडलं हे बाजाराला कळलं असतं तर पुन्हा कुणी त्याच्या टॉवेलाखाली हात घातला नसता. म्हणून तो "सोड" म्हणाला.

बिरुदेवनं हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची नजर आता भावाच्या डोक्यावरून कुठंतरी पलीकडं गेली होती.

पुढचं त्याला आठवत नाही. ते शालनला आठवतं. संध्याकाळपर्यंत तो बाजेवर बसून हवेत कुणाचीतरी बोटं धरत होता आणि आकडे पुटपुटत होता. ती पाणी घेऊन गेली तेव्हा त्यानं तिच्याकडं निरखून बघितलं आणि अगदी अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं विचारलं, "बाई, तुमी कुनाकडच्या?"

तिनं पाण्याचा तांब्या तिथंच ठेवला आणि बाहेर जाऊन ती समाधानला म्हणाली, गाडी काढा.

मिरजेत मुजावर मॅडमनी झडप थोडी थोडी करत मिटवली, पोट साफ केलं, सलाईन लावलं. बिरुदेव खोल विहिरीतून वर यावा तसा हळूहळू वर आला. आधी झोप जागेवर आली, मग नावं आली, मग राग आला. तो बायकोशी बोलेना. शालन खाटेच्या पायथ्याशी बसून राहायची, डबा उघडायची, बंद करायची. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. हिनं मला येडा केलं, तेही प्रेमानं, आणि प्रेमानं केलेल्या गोष्टीची तक्रार कुणाकडं करायची, हेच त्याला सलत होतं. भावावर संशय होता तेव्हा निदान शिव्या तरी देता येत होत्या.

एका सकाळी मॅडम आल्या आणि दोघांना एकदमच झापलं. चोरून लोणचं खाणाऱ्याला आणि चोरून बटण दाबणारीला. मग म्हणाल्या की डबी आता नकोच. ऐन वेळी घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारायचा, यातच चूक आहे. झडपेला दहा खाचा आहेत. एक म्हणजे जवळजवळ बंद, दहा म्हणजे सताड उघडी. दोन्ही एकदम चढले की झडप किती उघडायची, ती खाच आत्ताच ठरवून यंत्रात घालता येते. मग ते कुणालाच विचारणार नाही. खालची खाच घेतली तर शुद्ध राहील, पण रक्त फुटायची भीती वाढेल. वरची घेतली तर उलटं. यात बरोबर उत्तर असं नाही, आणि मी माझं मत सांगणार नाही, त्या म्हणाल्या. बिरुदेवचं डोकं आज साफ आहे, हाताची फडफड जायला आणखी थोडे दिवस लागतील. दोघांनी मिळून एक आकडा सांगा. एकच.

मॅडम गेल्या. समाधान खिडकीशी उभा होता. त्याला वाटलं आता भांडण होणार.

बिरुदेव उठून बसला. उशाशी पडलेला टॉवेल त्यानं उचलला, झटकला, आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "हिकडं ये. बस समोर."

शालनला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती गांगरली. तीस वर्षं ज्या घरात टॉवेलाच्या गोष्टी ऐकल्या त्या घरात तिचा हात कधी टॉवेलाखाली गेला नव्हता. तिनं पदराला हात पुसले आणि पुढं केले. बिरुदेवनं टॉवेल टाकला. समाधाननं न सांगताच पाठ फिरवली, कारण सौद्यात तिसऱ्यानं बघायचं नसतं.

बिरुदेवनं तिची दोन बोटं धरली. दोन.

तिनं त्याचा अख्खा पंजा धरला आणि मग चार बोटं. नऊ. भाकरी थापून घट्ट झालेले हात होते ते, आणि पकड अशी होती की त्याला हाताची हाडं जाणवली. इतकी वर्षं या हातचं खाल्लं, पण त्याची पकड अशी त्यानं कधी मोजली नव्हती.

"जरा खाली ये की," तो पुटपुटला, सवयीनं.

ती आठवर आली, मग सातावर. तो तीनवर गेला. ती सातावर अडून बसली. हात घाबरलाय हे हेड्याला लगेच कळतं, आणि घाबरलेला हात शेवटी कुठं येतो हेही त्याला ठाऊक असतं. पण या हाताशी त्याला ती हुशारी करवेना. तीच म्हणाली, अगदी हळू, की त्या दिवशी तुमी मला इचारलं, बाई, तुमी कुनाकडच्या. तेवढं बोलून तिनं पकड सैल केली आणि सहावर आली. जीव राखायला निघाले आणि ज्याचा जीव त्यालाच मी परकी झाले, असं तिला म्हणायचं होतं. ते तिनं म्हटलं नाही.

बिरुदेवनं चार धरायला तिची बोटं गोळा केली. एक, दोन, तीन, चौथं हाताशी येतंय तोच त्याचं मनगट पडलं. क्षणभरच. आणि हात झटक्यानं वर आला तेव्हा तिचा सगळा पंजा त्याच्या मुठीत होता; मुठीला पुन्हा हिसका बसला आणि ती एका बोटावर मिटली. सहा. तिनं धरलेलेच सहा.

हेच त्या दिवशी झालं होतं. आता फक्त तिनं टॉवेल ओढायचा, आणि झालं. तिला हवा होता तो आकडा त्याच्याच हातानं दिला होता, आणि टॉवेल ओढल्यावर मोडायचं नसतं हे त्याच्याइतकंच तिलाही माहीत होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

शालनच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसरा हात टॉवेलाच्या कडेवर होता. तिला सुगीतली ती माती दिसत असणार, भिजलेला पदर दिसत असणार. ओढला असता तर कुणी तिला बोल लावला नसता, तिच्या नवऱ्यानंही नाही.

तिनं टॉवेल ओढला नाही. त्याचं मनगट खालून दोन्ही हातांनी सावरलं, फडफड थांबेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग बोटं त्याच्यापुढं मोकळी केली.

"परत धरा," ती म्हणाली. "हे तुमचं नव्हतं."

बिरुदेवनं सावकाश, एकेक करून, तिची चार बोटं धरली. त्याला आणखी खाली जाता आलं असतं. तो गेला नाही. तीही सहावरून चारवर आली आणि तिनं हात घट्ट केला.

मग शालननं टॉवेल ओढला, त्याची घडी घातली आणि नवऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"झालं," ती म्हणाली, आणि मॅडमना बोलवायला उठली.